रिटर्नच्या तारखेआधी कागदांची तारीख सांभाळा

छोट्या अकाउंटिंग ऑफिसात काम उशिरा होतं, तेव्हा नेमका उशीर कुठे होतो हे आधी शोधा. त्यासाठी नुकत्याच पूर्ण झालेल्या दहा फाइली काढा आणि प्रत्येकीवर या तारखा लिहा: कागद कधी मागितले, पहिला कागद कधी आला, शेवटचा कधी आला, काम कधी सुरू झालं, तपासणीला कधी गेली, तपासून कधी आली, क्लायंटने मंजुरी कधी दिली, दाखल कधी केली. हा कागद भरताना तुम्हाला दिसेल की सात-आठ तासांच्या कामाची फाइल महिनाभर ऑफिसात होती, आणि त्यातला बहुतेक वेळ तिला कोणी हातही लावलेला नव्हता. ती कोणाची तरी वाट बघत होती.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगते, की आपण कामाचा वेग वाढवायला बसलेलो नाही, फाइलींचं थांबणं कमी करायला बसलो आहोत. माणसं पुरेशा वेगाने काम करतच असतात. त्यांना रात्री उशिरापर्यंत बसवून तारीख गाठता येते, पण दमलेल्या डोळ्यांनी जुळवलेल्या बँक खात्यात चुका राहतात, आणि असे दोन-तीन हंगाम गेले की चांगली माणसं सोडून जातात. मला ते अजिबात चालत नाही.

सगळ्यात आधी यादी. ऑफिसात एक-दोन माणसं असतात तोवर कोणाचं काय बाकी आहे ते डोक्यात राहतं. तिसरं-चौथं माणूस आलं की तीच गोष्ट चार डोक्यांत चार तऱ्हांनी राहते. यादी एकच हवी आणि तिच्यात क्लायंटची नव्हे, कामाची ओळ हवी. एखाद्याचा पगार दर महिन्याला, कराचा हिशोब तिमाहीला आणि वार्षिक हिशोब एकदा असेल, तर तो एक क्लायंट म्हणजे वर्षाच्या १२ अधिक ४ अधिक १, अशा १७ ओळी. त्या सगळ्या वर्षाच्या सुरुवातीलाच तयार करून ठेवा. आठवेल तशी ओळ घालायची पद्धत असेल तर जे आठवलं नाही तेच चुकतं.

प्रत्येक ओळीत कामाचं नाव, कालावधी, कायद्याची तारीख, कागद पूर्ण येण्याची तारीख, अंदाजे तास आणि फाइल सध्या कोणाकडे आहे हे लिहा. शेवटच्या रकान्यात एकच नाव असलं पाहिजे. दोघांची नावं असली की फाइल कोणाचीच नसते. क्लायंटकडून काही यायचं असेल तर त्याचं नाव लिहा, आणि त्याच्या मागे लागणारा आपल्यातला कोण, तेही.

स्थितीसाठी ‘चालू आहे’ हा शब्द आमच्याकडे बंद आहे. त्यातून काहीच कळत नाही. कागद मागवले, कागद अपुरे, कागद पूर्ण, काम हातात, तपासणीला, दुरुस्तीला, मंजुरीला, दाखल, पोच लावली, एवढ्या नऊ पायऱ्या पुरतात. पोचपावती फाइलला लागल्याशिवाय काम संपलं असं धरायचं नाही. सॉफ्टवेअर घ्यायचं की साधी स्प्रेडशीट ठेवायची, यावर फार वेळ घालवू नका. आठ-दहा जणांपर्यंत स्प्रेडशीट चालते. फोनवर किंवा मेसेजमध्ये ठरलेली गोष्ट त्याच दिवशी यादीत आली पाहिजे, आणि कायद्याची तारीख बदलायचा अधिकार एकाच माणसाकडे असला पाहिजे.

आता तारखा. त्या उलट्या मोजायच्या. समजा रिटर्न ३० तारखेला भरायचं आहे. मी दाखल करण्याची तारीख २५ धरते, कारण शेवटच्या दोन-तीन दिवसांत सरकारी वेबसाइटवर गर्दी असते आणि त्याच वेळी एखादा क्लायंट बाहेरगावी असतो. मंजुरीला चार दिवस दिले की मसुदा २१ ला गेला पाहिजे. तपासणी आणि दुरुस्तीला चार दिवस धरले तर फाइल १७ ला टेबलावर हवी. कामाला आठवडा धरला तर १० ला सुरुवात. म्हणजे कागद ९ तारखेला पूर्ण हवेत, आणि ते ९ ला हवे असतील तर पहिली मागणी महिना सुरू होतानाच गेली पाहिजे. ऑफिसात सगळ्यांच्या नजरेसमोर ही ९ तारीख असली पाहिजे. ३० तारीख जवळ आल्यावर करण्यासारखं फारसं काही उरत नाही. ९ तारीख चुकली तर मात्र हातात तीन आठवडे असतात.

सहकाऱ्यांना खोटी तारीख सांगू नका. ‘३० ची तारीख २० सांगितली की काम वेळेवर होतं’ असं मानणारे बरेच आहेत. ते एकदा चालतं. मागे दहा दिवस शिल्लक आहेत हे कळलं की ते वापरले जातात, आणि तुमच्या पुढच्या कुठल्याच तारखेवर विश्वास राहत नाही. यादीत कायद्याची आणि ऑफिसची, दोन्ही तारखा उघड असू द्या.

कागद मागण्याचं काम सगळ्यात दुर्लक्षित आहे, आणि मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवते. ‘कृपया सर्व कागदपत्रं पाठवा’ असं लिहिलं तर क्लायंटला वाटतं, निवांत बसून शोधू. तो निवांतपणा त्याला मिळत नाही. गेल्या वर्षीची फाइल उघडा आणि तिच्यावरून नेमकी यादी करा: अमुक बँकेचं, शेवटी ४२ असलेल्या खात्याचं, या तारखेपासून त्या तारखेपर्यंतचं स्टेटमेंट, वाहनकर्जाचं व्याज प्रमाणपत्र, वर्षात विकलेल्या यंत्राचं बिल. प्रत्येकाला क्रमांक द्या. आलेल्यावर खूण करून उरलेली यादी परत पाठवा. ‘१२ पैकी ९ आले, ४, ७ आणि ११ बाकी’ असा मेसेज मिळाला की माणूस ते तीन शोधतो. आमचा एक वाहतूक व्यावसायिक क्लायंट कागद कायम उशिरा पाठवायचा. क्रमांकांची यादी थेट त्याच्या ऑफिसातल्या कारकुनाकडे जाऊ लागल्यावर कागद आठवडाभर आधी यायला लागले. मालकाकडे मागत राहण्यापेक्षा कागद ज्याच्या कपाटात आहेत त्याच्याकडे मागावेत.

आठवण कधी द्यायची तेही ठरवून टाका. तारखेच्या सात दिवस आधी एक, त्या दिवशी एक, तीन दिवसांनी फोन. त्यानंतर लेखी कळवा, की तुमचं काम आता पुढच्या फेरीत जाईल आणि अमुक तारखेआधी होणार नाही. हे रागाने लिहू नका, पण लिहा. लिहिल्याप्रमाणे वागाही.

अपुरी फाइल उघडायची नाही, हा नियम नव्या सहकाऱ्यांना आधी पटत नाही. बसल्या बसल्या निम्मं तरी करून ठेवू, असं त्यांना वाटतं. पण निम्मी केलेली फाइल दोन आठवड्यांनी उघडली की कुठली नोंद का केली, हे आठवण्यातच सकाळ जाते. बँक जुळवणीसारखं (आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघण्यासारखं) स्वतंत्रपणे पुरं होणारं काम असेल तेवढंच करा. बाकी थांबा.

काम करताना निघणारे प्रश्नही एकेक करून पाठवू नका. सस्पेन्स खात्यातल्या, म्हणजे खुलासा होईपर्यंत तात्पुरत्या बाजूला ठेवलेल्या, सगळ्या नोंदी एका कागदावर घ्या, तारीख आणि रक्कम लिहा, आणि पुढे तुमचा अंदाज मांडा: ‘ही दुकानाच्या दुरुस्तीची समजू का?’ हा खर्च कशाचा, असं विचारलं तर क्लायंटला शोधावं लागतं. अंदाज दिला तर तो हो किंवा नाही म्हणतो, आणि नाही म्हणताना खरं काय तेही सांगतो. फक्त अंदाज लिहिला म्हणून तो आधीच नोंदवून टाकू नका, उत्तर येईपर्यंत नोंद सस्पेन्समध्येच राहू द्या.

यानंतरची अडचण बहुतेक ऑफिसांत मालकाच्याच टेबलावर असते. ऑफिस वाढतं तसे काम करणारे हात वाढतात, तपासणारा माणूस मात्र एकच राहतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम इथे उपयोगी पडतो: आत असलेली कामं भागिले आठवड्याला बाहेर पडणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारे सरासरी आठवडे. ऑफिसात ६० फाइली उघड्या असतील आणि आठवड्याला १५ बाहेर पडत असतील, तर प्रत्येक फाइल सरासरी चार आठवडे राहणार. आणखी वीस उघडल्याने कोणाचंही काम लवकर होत नाही, सगळ्यांचं लांबतं. म्हणून तपासणीला पाच-सहापेक्षा जास्त फाइली साचल्या की नवी फाइल उघडणं थांबवा आणि आधी त्या मोकळ्या करा.

मी रोज सकाळचे दोन तास तपासणीला ठेवते. फोन बंद, फाइली तारखेच्या क्रमाने. त्याआधी प्रत्येक फाइल दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाताखालून गेलेली असते. गेल्या वर्षीच्या अखेरच्या शिलका या वर्षीच्या सुरुवातीशी जुळतात का, बँक शिल्लक स्टेटमेंटशी जुळते का, सस्पेन्स शून्य आहे का, पगाराची बेरीज खातेवहीशी मिळते का, मोठ्या फरकांची कारणं लिहिली आहेत का. एवढं झालेलं असलं की मला फक्त जिथे निर्णय घ्यायचा तिथेच बघावं लागतं. छोट्या, दर महिन्याला तशाच येणाऱ्या कामांची अंतिम तपासणी आमची सिनियर सहकारी करते, मी मधूनमधून एखादी फाइल काढून बघते. हे सोपवणं मालकाला जड जातं. तरी सोपवा.

माणसांचे तास मोजताना उदार होऊ नका. आठवड्याचे ४० तास म्हणजे कामाचे ४० नव्हेत. फोन, मेल, शिकवणं वजा केल्यावर २८ उरले, तर त्यातले २२-२३च भरा. डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन कॉलच्या अभ्यासातून रांगेच्या गणिताचा पाया घातला. त्या गणितातल्या अगदी साध्या रांगेत, एका कामाला जेवढा वेळ लागतो त्याच्या किती पट थांबावं लागतं ते बघा: माणूस ८० टक्के भरलेला असेल तर ४ पट, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. प्रत्यक्ष आकडे ऑफिसागणिक बदलतील, पण शेवटचे काही टक्के भरताना रांग झपाट्याने वाढते, हे सगळीकडे खरं आहे. आणि अंदाज विचारून घेऊ नका, गेल्या वर्षी प्रत्यक्ष लागलेले तास घ्या. आपण स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडून ठेवलं आहे.

तरीही एखाद्या महिन्यात काम तासांपेक्षा जास्त निघतंच. तेव्हा एका माणसाच्या फाइली तारखेप्रमाणे लावा, जवळची आधी. जॅक्सन यांनी १९५५ मध्ये दाखवलं, की या क्रमाने सगळ्यात मोठा उशीर कमीत कमी राहतो. मग त्या क्रमाने तासांची बेरीज करत जा. जिथे तारीख उलटते तिथे थांबा आणि तोवरच्या फाइलींमधली सगळ्यात जास्त तासांची बाजूला काढा, मग बेरीज पुढे चालू ठेवा. मूर यांची ही १९६८ ची पद्धत. तिने उशीर होणाऱ्या फाइलींची संख्या कमीत कमी होते. बाजूला काढलेल्या फाइलीचं काय करायचं, ते मात्र गणितावर सोडू नका. उशिराचा दंड किती, मुदतवाढ मिळते का, दुसऱ्या कोणाकडे तास आहेत का, हे बघा आणि त्या क्लायंटला त्याच दिवशी फोन करा. ज्याच्या उशिराने कोणाचा पगार किंवा कर्ज अडणार आहे ती फाइल मी कधीच बाजूला काढत नाही, मग तास कितीही लागोत.

सोमवारी वीस मिनिटं एकत्र बसा. क्लायंटची नावं एकेक वाचू नका. कागदांची तारीख उलटलेल्या ओळी कोणत्या, पाच दिवसांहून जास्त एकाच नावावर थांबलेल्या कोणत्या, आणि या आठवड्यात कोणाकडे तास मोकळे आहेत, एवढंच विचारा.

रजेवर जाताना प्रत्येकाने आपल्या ओळीत ‘कुठवर आलं, पुढे काय’ एवढं एक वाक्य लिहावं. आजारपण सांगून येत नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी लिहायची सवय असली तर उत्तमच.

नवा क्लायंट ऐन गर्दीच्या महिन्यांत घेऊ नका. पहिल्या वर्षाला नेहमीपेक्षा बरेच जास्त तास लागतात, जुने हिशोब मिळवण्यातच बराच वेळ जातो. काम स्वीकारल्याच्या पत्रातच कागदांची तारीख लिहा, आणि ती चुकली तर काय होईल तेही.

गर्दी संपली की लगेच, सगळ्यांना ताजं आठवत असतानाच, यादीवर एक दुपार द्या. प्रत्येक ओळीत खरोखर लागलेले तास आणि कागद खरोखर आलेली तारीख भरा. ज्यांचे कागद दोनदा उशिरा आले त्यांची पुढच्या वर्षीची मागणी दोन आठवडे आधी टाका. त्याच बैठकीत पुढच्या वर्षाच्या ओळी तयार करा आणि पहिल्या मागण्या कोण पाठवणार त्याचं नाव प्रत्येकीपुढे घाला.