जुनी ह्युंदाई घेताना काय बघायचं: मॉडेलचं साल, इंजिन आणि मालकांचं म्हणणं

‘ह्युंदाई कशी आहे?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. २००५ची सँट्रो, २०१२ची फ्लुइडिक व्हर्ना, २०१७ची डिझेल क्रेटा आणि २०२१ची टर्बो व्हेन्यू. चौघींवर बिल्ला एकच, दुखणी मात्र प्रत्येकीची वेगळी. म्हणून सेकंडहँड गाडी शोधायला निघताना आधी इंजिन आणि गिअरबॉक्स ठरवा. सनरूफ, टचस्क्रीन, रंग या गोष्टी नंतर. बहुतेक लोक नेमकं उलट करतात आणि क्लचचं बिल हातात आलं की हळहळतात.

कंपनीचा इतिहास, कामापुरता

चुंग जू-युंग यांनी १९६७ साली ह्युंदाई मोटर सुरू केली. पहिली गाडी स्वतःची नव्हती. फोर्डच्या कॉर्टिनाचे भाग आणून उल्सानच्या कारखान्यात जोडले जात. कोरियातल्या तेव्हाच्या कच्च्या रस्त्यांवर ती गाडी टिकेना, तक्रारी आल्या, आणि कंपनीने स्वतःचं मॉडेल करायचं ठरवलं. ते म्हणजे १९७५ची पोनी. तिचं डिझाइन इटलीच्या जुजारोचं होतं, इंजिन मित्सुबिशीचं. १९८६मध्ये कंपनीची एक्सेल ही छोटी गाडी अमेरिकेत गेली, स्वस्त म्हणून धडाक्यात खपली, आणि थोड्याच वर्षांत तकलादू म्हणून बदनाम झाली. ती बदनामी पुसायला कंपनीने १९९८मध्ये अमेरिकेत इंजिन-गिअरबॉक्सला दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली.

भारतातली कंपनी १९९६ची. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला कारखाना उभा राहिला आणि सप्टेंबर १९९८मध्ये सँट्रो आली. उंच छपराची, लोकांना आधी विचित्र वाटलेली, पण मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन असलेली. समोर कार्बोरेटरच्या छोट्या गाड्या उभ्या असताना ही पहाटेच्या थंडीत पहिल्या चावीला सुरू व्हायची. शिवाय एसी गार, स्टिअरिंग हलकं. ‘ह्युंदाईचा एसी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासूनचा आहे आणि मालक आजही तेच सांगतात. पुढे २००७ला आय-१०, २००८ला आय-२०, २०१५ला क्रेटा, २०१९ला व्हेन्यू. पुण्याजवळचा तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार २०२३मध्ये झाला.

मालकांचं बोलणं कसं ऐकायचं

पहिल्या वर्षातल्या मालकाचं मत गाडी घेताना फारसं कामाचं नाही. तो केबिनच्या फिनिशिंगवर, क्लचच्या हलकेपणावर, मागच्या सीटच्या एसीवर बोलतो, आणि ते सगळं खरंच असतं. तुम्हाला हवाय तो ६०-७० हजार किलोमीटर रनिंग झालेला मालक. त्याला ‘गाडी कशी आहे’ असं विचारू नका. तीन गोष्टी विचारा: स्टिअरिंगमध्ये काम निघालं का, क्लच कितव्या किलोमीटरला बदलला, आणि एसीचा गॅस किती वेळा भरला. या तिन्हींची उत्तरं मिळाली की बाकीचं गाडी स्वतः सांगते.

एक तक्रार सालाप्रमाणे तपासून घ्यावी लागते. २०११च्या फ्लुइडिक व्हर्नाचं आणि पहिल्या आय-२०चं मागचं सस्पेन्शन मऊ आहे. शहरात खड्डे छान पोटात घेते, पण एक्स्प्रेसवेवर शंभरच्या पुढे गेलं आणि रस्ता जरा लाटांचा असला की मागची बाजू डुलते. हे शॉकअब्सॉर्बर गेल्यामुळे नाही, गाडीची घडणच तशी आहे. नवे शॉकअब्सॉर्बर टाकून फरक थोडाच पडतो. २०१५च्या सुधारित व्हर्नात कंपनीने यावर काम केलं. दर आठवड्याला मुंबई-पुणे करायचं असेल तर त्यानंतरचीच बघा.

सुरक्षेचंही तसंच. ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत २०१४मध्ये बिनएअरबॅगच्या आय-१०ला आणि २०१६मध्ये इऑनला शून्य तारे मिळाले होते. क्रेटा आणि आय-२०ला २०२२मध्ये तीन, तर नव्या व्हर्नाला २०२३मध्ये पाच. ऑक्टोबर २०२३पासून भारतातल्या सगळ्या ह्युंदाईंमध्ये सहा एअरबॅग मिळू लागल्या. कुटुंबासाठी जुनी गाडी घेताना बेस मॉडेल टाळा आणि किमान दोन एअरबॅग व एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेलंच व्हेरिएंट घ्या. पंधरा-वीस हजार वाचवण्याची ही जागा नव्हे.

साल पक्कं करा

चॅसी नंबर १७ अक्षरांचा असतो. भारतात बनलेल्या ह्युंदाईचा नंबर ‘एम-ए-एल’ने सुरू होतो आणि दहावं अक्षर साल सांगतं: ए म्हणजे २०१०, बी २०११, असं पुढे. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, म्हणून एच २०१७, जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३. आरसीवर २०१८ची नोंद आणि नंबरात ‘एच’ असेल तर गाडी आदल्या वर्षी बनून शोरूमच्या यार्डात उभी होती. किंमत २०१७ची लावा.

आरसीवरचा हाच नंबर बॉडीवर कोरलेल्या नंबराशी ताडून बघा. मॉडेलप्रमाणे तो इंजिनाच्या खणात किंवा पुढच्या सीटखाली सापडतो. त्यावर घासल्याची किंवा ताज्या रंगाची खूण दिसली तर तिथूनच परत फिरा. नंबर जुळला की कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघा. उदाहरणार्थ, २०२३मध्ये बनलेल्या काही आयव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक, क्रेटा आणि व्हर्ना गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक तेलपंपाच्या कंट्रोलरसाठी परत बोलावल्या होत्या. रिकॉलचं काम फुकट होतं, ते आधीच्या मालकाकडून करून घ्या. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर दिला की जॉब कार्डांचा इतिहास निघतो. प्रत्येक नोंदीतलं रनिंग चढत्या क्रमाने आहे का ते वाचा. मीटर मागे फिरवला असेल तर तो इथेच पकडला जातो.

गाडीजवळ: थंड इंजिनपासून सुरुवात

विकणाऱ्याला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड होईपर्यंत थांबा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या. गरम इंजिन आपले दोष लपवतं.

पेट्रोलमध्ये १.१ लिटरच्या सँट्रो झिंग आणि आय-१०ला टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा) आहे, ‘कप्पा’ (Kappa) नावाच्या १.२ इंजिनाला चेन. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण ‘आय-१०’ या एकाच नावाखाली दोन्ही इंजिनं विकली गेली. बेल्ट साधारण ६० हजार किलोमीटरच्या आसपास बदलायचा असतो, नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो. कमी चाललेल्या गाडीत किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षांमुळे रबर कडक होतं. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि किमतीतून तेवढे कमी करून घ्या. बदलताना टेन्शनरचं बेअरिंगही सोबत टाका. जुनं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही टिकत नाही.

डिझेलमध्ये, म्हणजे १.४ आणि १.६ सीआरडीआयमध्ये, वरचं प्लास्टिकचं कव्हर उचलून इंजेक्टरच्या बुडाशी बघा. तिथे डांबरासारखा काळा, चिकट थर जमला असेल तर खालच्या तांब्याच्या वॉशरमधून गॅस सुटतोय. कान जवळ नेला तर ‘फस्-फस्’ ऐकू येतं. वेळेत केलं तर वॉशरचं काम छोटं आहे. दुर्लक्ष केलं की थर दगडासारखा होतो आणि इंजेक्टर निघता निघत नाही. मेकॅनिककडून इंजेक्टरची रिटर्न टेस्टही करून घ्या: प्रत्येकाच्या रिटर्न पाइपला एकेक बाटली लावून इंजिन काही मिनिटं चालवायचं. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर गेलेला.

बीएस-६ डिझेल घेत असाल तर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, विचार करा. रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटरचं असेल तर फिल्टर काजळीने भरतो, कारण ती जाळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगाने, जरा वरच्या आरपीएमला चालवावी लागते. शहरातल्या शहरात वापरायची असेल तर पेट्रोलच घ्या.

स्टिअरिंगची खटखट

ही या कंपनीच्या गाड्यांची सर्वांत ओळखीची तक्रार आहे. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसवलेली असते. मोटर आणि गिअर यांच्यामध्ये ताऱ्याच्या आकाराची एक छोटी रबरी चकती असते, कपलिंग म्हणतात तिला. वर्षांनी आणि उष्णतेने ती झिजते, चुरते, आणि दात मोकळे आपटायला लागतात.

तपासायची रीत अशी: इंजिन चालू, गाडी उभी, चाकं सरळ. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे इंचभर झटपट हलवा. दांड्यातून ‘टक-टक’ आली आणि तळहाताला जाणवली तर कपलिंग गेलं. आवाज पायाखालून, चाकाकडून आला तर लिंक रॉड, टाय रॉडचा शेवट किंवा रॅक बघायला हवा. कपलिंगचा तुकडा स्वस्त आहे, पण दांडा उतरवावा लागतो म्हणून मजुरी जास्त. काही गॅरेजवाले थेट अख्खा स्टिअरिंग कॉलम बदलायला सांगतात. आधी फक्त कपलिंग बदलून बघायचा आग्रह धरा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

टेस्ट ड्राइव्ह

किमान अर्धा तास हवा. त्यात एक खराब रस्ता, एक चढ आणि खरा ट्रॅफिक असायला हवा.

मॅन्युअल असेल तर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाला असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर उसळतो आणि वेग मागे राहतो तर क्लचप्लेट संपत आली आहे. हलका क्लच हे ह्युंदाईचं कौतुक, पण त्याच हलकेपणामुळे पाय पेडलवर ठेवून चालवायची सवय लागते आणि प्लेट लवकर जाते.

सात गिअरचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हा वेगळा विषय आहे. व्हेन्यू आणि आय-२०च्या १.० टर्बोत, क्रेटाच्या १.४ टर्बोत तो येतो आणि त्याचे दोन्ही क्लच कोरडे आहेत, म्हणजे थंड करायला तेल नाही. मोकळ्या रस्त्यावर याच्याइतकं सुख नाही. पण गाडी इंच-इंच सरकत राहिली तर क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. तपासताना दहा-पंधरा मिनिटं रखडत्या ट्रॅफिकमध्ये चालवा, मग लगेच चढावर थांबून हलक्या पायाने उचला. पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरली, हिसके दिले किंवा डिस्प्लेवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तर ती गाडी सोडा. क्लचचा पूर्ण संच महाग पडतो. घेतलीच डीसीटी, तर कात्रजच्या किंवा खंबाटकीच्या चढावर रांगेत अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. ब्रेक दाबून थांबा, पुढे दोन गाड्यांची जागा मोकळी झाली की एकदाच निघा. रोज तासभर जॅममध्ये जाणाऱ्याने क्रेटाची १.५ पेट्रोल आयव्हीटी घ्यावी. जोर कमी, पण डोक्याला ताप नाही.

खड्ड्यातून हळू नेताना पुढून ‘कट-कट’ आली तर बहुधा लिंक रॉड, ‘धप’ असा जड आवाज आला तर लोअर आर्मचं बुश. दोन्ही कामं किरकोळ आहेत, यावरून गाडी नाकारू नका. भाव मात्र करा.

एसी उन्हात, आयडलवर दहा मिनिटं चालवा. गाडी पळताना गार आणि उभी राहिली की कोमट, तर कंडेन्सरचा पंखा किंवा गॅस कमी. कंडेन्सर अगदी पुढे असल्याने दगड लागून गळतो. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतोय असं मालक म्हणाला तर कूलिंग कॉइल गळत असण्याची शक्यता धरा. त्यासाठी डॅशबोर्ड खोलावा लागतो.

पाणी आणि गंज

चिपळूणचा २०२१चा पूर, कोल्हापूर-सांगलीचा २०१९चा, मुंबईतलं दर पावसाळ्याचं पाणी. यातल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ दिसली की पाणी कुठवर होतं ते कळतं. सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ आणि कार्पेट उचलल्यावरचा कुबट वास बघा. इलेक्ट्रॉनिक्सने भरलेली क्रेटा पुरातून निघाली असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

कोकण आणि गोव्यातली गाडी असेल तर लिफ्टवर चढवून दारांखालच्या पट्ट्या, मागच्या चाकांच्या कमानी आणि शॉकअब्सॉर्बरचे वरचे माउंट टॉर्चने तपासा. जुन्या सँट्रोत नवा अंडरबॉडी कोट दिसला तर तो स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. पत्रा शाबूत असेल तर आवाज खणखणीत येतो.

कागद

कर्ज फिटलं असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५, म्हणजे आरसीवरचा बोजा उतरतो. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथली त्या वयाला टेकलेली गाडी इकडे स्वस्तात येते. तिच्यासाठी फॉर्म २८चं एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवं पासिंग धरून हिशेब करा, मग स्वस्ताई किती उरते ते दिसेल. बाकी चलान ऑनलाइन तपासून विकणाऱ्याकडून भरून घ्या. सीएनजी असेल तर किटची आरसीवर नोंद आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट बघा. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. पूर्ण पैसे द्यायचे ते फॉर्मवर सह्या झाल्यावर आणि दुसरी चावी हातात आल्यावरच.