नकाशावरून इतिहास आणि राजकारण कसं शोधायचं: एक जागा धरा, दोन नकाशे उघडा

नकाशे बघायला आवडतात पण पाच मिनिटांत कंटाळा येतो, असं होत असेल तर अख्खं जग एकदम बघणं बंद करा. एक भाग निवडा आणि त्याचेच वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या विषयांचे नकाशे शेजारी शेजारी उघडा. एका नकाशातून माहिती मिळते, पण दोन समोर आले की हे असं का, हा प्रश्न आपोआप पडतो आणि तिथूनच खरा अभ्यास सुरू होतो.

सामान फुकट मिळतं. जुन्या नकाशांसाठी डेव्हिड रम्सी मॅप कलेक्शनची साइट आहे, स्कॅन इतके भारी की झूम करून बारीक गावांची नावंही वाचता येतात. ओल्ड मॅप्स ऑनलाइनवर जागा आणि साल टाकून शोधता येतं. लोकसंख्येसाठी अवर वर्ल्ड इन डेटा, त्यातल्या बऱ्याच नकाशांच्या खाली सालांची पट्टी असते, ती सरकवत राहायची.

आधी प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कुठल्या पद्धतीनं उतरवली आहे ते बघा, हे टाळू नकाच. मर्केटरचा नकाशा १५६९ चा, जहाजांना दिशा धरून जाता यावं म्हणून बनवलेला, त्या कामाला तो उत्तमच, पण त्यात ध्रुवांकडचे देश फुगतात. ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट आहे! देशांची तुलना करायची असेल तर मॉलवाइड किंवा इक्वल अर्थ असा क्षेत्रफळ बरोबर दाखवणारा नकाशा घ्या.

साल नसलेला जुना नकाशा मिळाला तर तो कधीचा ते ओळखून बघा, इतका चांगला सराव दुसरा नाही. समजा जर्मनी एकच दिसतोय पण सोव्हिएत युनियन अजून आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचा असेल तर नकाशा ऑक्टोबर १९९० ते डिसेंबर १९९१ मधला. झैरे (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) हे नाव दिसलं तर १९७१ ते १९९७. दक्षिण सुदान असेल तर २०११ नंतरचा.

आता सीमा. पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेष दिसली की थांबायचं, कारण नदी-डोंगर अशा सरळ जात नाहीत, ती कुणीतरी टेबलावर बसून आखलेली असते. आफ्रिकेच्या सगळ्या सीमा १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत आखल्या असं सर्रास सांगतात, ते तसं नाही, तिथे मुख्यतः आफ्रिकेतल्या जमिनीवर हक्क कसा सांगायचा याचे नियम ठरले आणि बहुतेक रेषा पुढच्या काही वर्षांत युरोपीय देशांनी आपापसात करार करून ओढल्या. इजिप्त-सुदानची सीमा झूम करून बघा. १८९९ मध्ये ब्रिटिशांच्या काळात २२ अंश अक्षांशाची सरळ रेष ठरली, मग १९०२ मध्ये कारभाराच्या सोयीसाठी दुसरी वाकडी रेष आली. इजिप्त पहिली मानतो, सुदान दुसरी, कारण ज्याच्या त्याच्या रेषेनं तांबड्या समुद्राकाठचा हलाइब हा प्रदेश त्याच्या वाट्याला येतो. पण त्यामुळे शेजारचा बीर तवील नावाचा सुमारे २००० चौरस किलोमीटरचा वाळवंटी तुकडा दोघांनाही नकोय, कारण त्यावर हक्क सांगितला की हलाइबवरचा दावाच जातो.

लोकसंख्येच्या नकाशात सूची नीट वाचा, रंग एकूण माणसांचा आहे, घनतेचा की वाढीच्या वेगाचा, तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय अख्खा देश एका रंगात रंगवला की फसगत होते. इजिप्त पूर्ण रंगलेला दिसतो आणि माणसं जवळपास सगळी नाईलच्या काठाला आणि त्रिभुज प्रदेशात, म्हणून ठिपक्यांचा नकाशाही सोबत बघावा.

आणि आयर्लंड बघाच. १८४१ च्या जनगणनेत त्या बेटावर ८१ लाखांवर लोक होते, १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली आणि १८५१ ला आकडा ६५ लाखांवर आला. जग तेव्हापासून कितीतरी पटींनी वाढून २०२२ मध्ये ८०० कोटींवर पोचलं, पण हे बेट आजही १८४१ च्या आकड्याला पोचलेलं नाही. हे वाचून मन सुन्न होतं, पण तिथेच थांबू नका, अमेरिकेत आयरिश वंशाचे लोक कुठे राहतात तो नकाशा उघडा, बॉस्टनच्या आसपासचा रंग बघा म्हणजे गेलेली माणसं कुठे पोचली ते कळतं.

वादग्रस्त सीमेचा नकाशा कुणी छापला आणि कुठे बसून बघताय हेही तपासा. रशियानं २०१४ मध्ये युक्रेनकडून घेतलेलं क्रिमिया त्यानंतर गूगल मॅप्सवर रशियातून उघडलं तर रशियात दिसायला लागलं, इतर बऱ्याच ठिकाणी तुटक रेषेनं.

कुठून सुरुवात करायची ते सुचत नसेल तर पोलंड घ्या. १७९५ च्या फाळणीत रशिया, प्रशिया (पुढच्या जर्मन साम्राज्याचा गाभा) आणि ऑस्ट्रियानं उरलेला देश वाटून घेतला आणि तो नकाशावरून गायबच झाला, १९१८ मध्ये परत आला, १९४५ मध्ये अख्खा पश्चिमेकडे सरकला. आता १९१४ ची जर्मन साम्राज्याची हद्द आणि आजच्या पोलंडचं रेल्वेजाळं एकावर एक ठेवा, हद्दीच्या पश्चिमेला रूळ दाट दिसतील आणि पूर्वेला एकदम विरळ. मग तिथल्या अलीकडच्या निवडणूक निकालांचा नकाशाही त्यावर टाका.