फुफ्फुसातली पाण्याची गाठ आणि कॅन्सरची धास्ती: या चुका टाळा

जहाजावर जाण्याआधीच्या मेडिकलला छातीचा एक्स-रे काढला, त्यात गोल पांढरी सावली दिसली, की गोव्यातल्या तारवटीच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्याच्या, घरी त्याच रात्री रडारड सुरू होते. पण अशी सावली निव्वळ पाण्याने भरलेल्या निरुपद्रवी गाठीचीही असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे जुने एक्स-रे घरीच ठेवून येणं. तारवटीचं मेडिकल जास्तीत जास्त दोन वर्षांनी होतंच, त्यामुळे जुनी फिल्म बहुधा असतेच. ती शोधा आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिथे दाखवायचं तिथे घेऊन जा. सावली तेव्हाही तेवढीच असेल, तर काळजी बरीच कमी होते.

दुसरी चूक सीटी स्कॅनमधला घनतेचा आकडा वाचताना होते. ही घनता हाउन्सफील्ड एककांत मोजतात, आणि साधं पाणी ० ते २० एककं दाखवतं. मात्र जन्मजात ब्रॉन्कोजेनिक (श्वासनलिकेच्या पेशींपासून बनलेल्या) गाठीत द्रव प्रथिनांमुळे घट्ट झाला, तर आकडा ४० च्या वर जातो आणि रिपोर्टात ‘घन गाठ’ असं येतं. म्हणून कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं औषध, ज्याने रक्तपुरवठा असलेला भाग स्कॅनमध्ये उजळ दिसतो) देण्याआधी आणि दिल्यानंतर, कडा सोडून गाठीच्या मधोमध, त्याच जागी मोजायला हवं. पाण्याच्या गाठीतला द्रव कॉन्ट्रास्ट घेत नाही, म्हणून आकडा जवळपास तोच राहतो. तरी शंका उरली तर एमआरआय करावा.

तपासणीसाठी गाठीत सुई घालायची घाई तर करूच नका. गाठ हायडॅटिड, म्हणजे कुत्र्यांमार्फत पसरणाऱ्या फीतकृमीची असेल, तर गळलेल्या द्रवाने जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. आधी यकृताची सोनोग्राफी करून घ्या, तिथेही गाठ सापडू शकते. रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी हायडॅटिड नाही असं ठरत नाही. अल्बेंडाझोलही मनाने घेऊ नका, फुफ्फुसातली गाठ त्याने फुटू शकते.

पेट स्कॅनमध्ये (पेशी किती साखर वापरतात ते दाखवणाऱ्या तपासणीत) गाठ चमकली म्हणजे कॅन्सर, हेही खरं नाही. जंतुसंसर्ग झालेली गाठ आणि क्षयरोगही चमकतात. थुंकीची क्षयाची तपासणी करून घ्यावी.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक: ‘पाण्याचीच आहे’ म्हणून विसरून जाणं. भिंत एका बाजूला जाड होत असेल, भिंतीला आतून गोळा चिकटलेला दिसत असेल किंवा गाठ वाढत असेल, तर तिथे खरोखर कॅन्सर असू शकतो. थुंकीतून रक्त पडलं किंवा वजन उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता छातीच्या डॉक्टरांना गाठा.