कोर्टाचे पैसे भरले, तरी बँक खातं बंदच? या चुका टाळा

हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या निकालाने देणं ठरलेली, रक्कम चुकती केली की खातं आपोआप मोकळं होईल, हा समज अनेकांना गोत्यात आणतो. दिवाणी कोर्टाच्या आदेशाने जप्त झालेलं खातं बँक त्या कोर्टाचा आदेश आल्याशिवाय सोडत नाही. पैसे दिल्याची पावती घेऊन मॅनेजरशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात काही नसतं.

सगळ्यात महागात पडते ती परस्पर पैसे देण्याची चूक. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 2 प्रमाणे कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदवली नसेल, तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज) चालवणारं कोर्ट ती जमेस धरत नाही. डिक्रीदाराने (ज्याला पैसे मिळायचे त्याने) नोंद केली नाही, तर ऋणकोने (पैसे देणाऱ्याने) स्वतः अर्ज करायचा. त्याची मुदत पैसे दिल्यापासून फक्त 30 दिवस. ‘बघू, वकीलसाहेब करतील’ म्हणता म्हणता ती सरते, आणि पैसे घेतलेला माणूस पुन्हा वसुली मागू शकतो. म्हणून पैसे देतानाच पूर्ण वसूल झाल्याची पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) डिक्रीदाराकडून सही करून घ्या. ती दरखास्तीत दाखल झाली का, हेही पाहा. माझ्या मते, समोरच्याशी संबंध बिघडलेले असतील तर रक्कम सरळ कोर्टातच भरावी. तसं केलंत तर डिक्रीदाराला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवायला विसरू नका, कारण व्याज थांबतं ते नोटीस बजावल्याच्या तारखेपासून.

नुसती मुद्दल भरूनही भागत नाही. व्याज, दाव्याचा खर्च आणि जप्तीचा खर्च धरून हिशेब करा. थोडी रक्कम राहिली तरी जप्ती कायम राहू शकते.

आदेश 21 च्याच नियम 55 प्रमाणे पूर्ण भरण्यानंतर जप्ती उठल्याचं मानलं जातं खरं, पण बँकेच्या संगणकाला नियम 55 कुठला ठाऊक! जप्ती उठवण्याचा अर्ज द्या, त्यात शाखा आणि खाते क्रमांक अचूक लिहा आणि बँकेला कोर्टाचं पत्र जावं अशी विनंती करा. आदेशाची प्रमाणित प्रत स्वतःही शाखेत देऊन पोच घ्या. दोन बँकांत जप्ती असेल तर दोन्हीकडे.

एवढं करूनही खातं बंदच असेल, तर ते आणखी कोणाच्या आदेशाने गोठवलं आहे का, हे बँकेला लेखी विचारा. सायबर पोलिसांनी किंवा आयकर खात्याने लावलेली बंदी या आदेशाने उठत नाही, तिच्यासाठी त्यांच्याकडेच जावं लागतं.