आधी टीव्ही, मग कन्सोल: जुना किंवा नवा गेम घेताना

कोणता कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) घ्यावा याचं निम्मं उत्तर टीव्हीच्या पाठीमागे असतं. तिथे फक्त एचडीएमआय असेल तर जुन्या कन्सोलसाठी अ‍ॅडॅप्टरचा खर्च आणि थोडी कटकट धरूनच चाला. पिवळं-पांढरं-लाल एव्ही असेल तर सेगा, पीएस२ (प्लेस्टेशन २) हे जुने कन्सोल थेट लागतात. बऱ्याच एलईडी टीव्हींना एव्हीसाठी ३.५ मिमीचं एकच भोक असतं. त्याची वायर टीव्हीसोबत येते आणि घर बदलताना हरवते. बाजारातली दुसरी वायर लावल्यावर चित्राऐवजी नुसती घरघर आली, तर टीव्ही बिघडलेला नसतो. त्या वायरीतल्या जोडांचा क्रम वेगळा असतो. पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या पिनेच्या जागी लावून बघा.

१. काय खेळायचंय ते ठरवा

नवे गेम हवे असतील तर डिस्कवालं मॉडेल घ्या, असं आमचं मत. खेळून झालेली डिस्क विकता येते. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. एक्सबॉक्स सीरिज एस स्वस्त पडतो, पण त्यात डिस्क जातच नाही आणि मूळ मॉडेलची साठवण ५१२ जीबी. मोठा गेम एकटाच शंभर जीबी खातो. पीएस५ वर पीएस४च्या बहुतेक सगळ्या डिस्क चालतात, पीएस२-पीएस३च्या नाहीत. निन्टेंडोचा स्विच इथे बहुतेक आयात मालातच मिळतो, म्हणजे वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. गेमकार्डांवर मात्र देशाचं बंधन नाही.

जुन्यात डिस्क किंवा कॅसेट हातात असणं फार महत्त्वाचं. निन्टेंडोच्या थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, एक्सबॉक्स ३६०चं २९ जुलै २०२४ ला. ‘नंतर डाउनलोड करू’ हा हिशोब तिथे चालत नाही.

२. सेकंडहँड तपासायला तासभर काढा

विकणारा खारघरला आणि तुम्ही ठाण्यात असाल तरी ठाणे-पनवेल लोकलने जाऊन त्याच्या घरी, त्याच्या टीव्हीवर चालवून बघा. स्टेशनच्या पुलावर पिशवीची अदलाबदल करू नका.

पीएस२साठी दोन डिस्क सोबत न्या: एक खालून निळसर (ती सीडी) आणि एक चंदेरी (ती डीव्हीडी). दोन्ही वाचायला लेन्स वेगवेगळा लेझर वापरते, त्यामुळे एक चालली म्हणून दुसरी चालेलच असं नाही. इथे चिप बसवलेले (कॉपी केलेले गेमही चालावेत म्हणून) पीएस२ खूप फिरतात, आणि विकणारा पेनड्राइव्हवरून गेम सुरू करून दाखवतो. त्यातून लेन्सबद्दल काहीही कळत नाही. डिस्कच लावायला सांगा. मग ८ एमबीच्या मेमरी कार्डवर गेम सेव्ह करा, कन्सोल बंद करा, पुन्हा सुरू करून लोड करा. रिमोटच्या (म्हणजे गेमच्या कंट्रोलरच्या) दोन्ही स्टिक सोडल्यावर मधोमध येतात का, पात्र आपोआप चालायला लागतं का, तेही पाहा.

पीएस३चा रिमोट मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होत नसेल तर तो खराब ठरवू नका. त्याला कन्सोल किंवा कॉम्प्युटरचंच यूएसबी लागतं. पहिल्या पिढीचे जाड पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० गरम होऊन मरण्यासाठी बदनाम आहेत. नंतरचं स्लिम मॉडेल बघा.

पीएस४ला मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करा. कन्सोलवर कंपनीची ऑनलाइन बंदी असेल तर इथेच कळतं. एखादा जड गेम अर्धा तास चालवा. पंखा जोरात घोंघावत राहिला तर आत धूळ साचलेली आहे किंवा चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली आहे. दुरुस्ती होते, पण किंमत त्या हिशोबाने पाडा. जाळीत टॉर्च मारून झुरळं बघायला विसरू नका. आतला पॉवर सप्लाय उबदार असतो, आणि आपल्याकडे टीव्हीचं कपाट बहुधा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच.

जुन्या जाड पीएस५चा डिस्क ड्राइव्ह बंद असेल तर सोडून द्या. त्या ड्राइव्हचा बोर्ड मूळ कन्सोलशी जोडलेला असतो, दुसऱ्याचा काढून लावला तरी गेम वाचत नाही.

३. प्लग लावण्याआधी मागची पट्टी वाचा

नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला पीएस२ बहुतेकदा १२० व्होल्टचा असतो, जपानचा १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टवर तो लगेच जळतो. दोन्हींना त्या-त्या व्होल्टचा, किमान १०० वॉटचा स्टेपडाउन (व्होल्ट उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लावा. स्विच, पीएस४, पीएस५ला ही अडचण नाही. सेगा मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलच्या अ‍ॅडॅप्टरला पिनेच्या मध्यभागी मायनस असतो, दुसऱ्या मॉडेलला प्लस. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अ‍ॅडॅप्टर मागताना फक्त ‘नऊ-दहा व्होल्ट’ म्हणू नका, कन्सोलवरची खूण दाखवा.

४. चित्र नीट आणा

सपाट टीव्हीवर सगळ्यात आधी गेम मोड सुरू करा. नाहीतर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो आणि बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारतो. जुन्या कन्सोलसाठी चित्राचा आकार ४:३ ठेवा. पीएस२ला एचडीएमआयची छोटी डबी लावणार असाल तर आधी साध्या एव्ही वायरने सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कंपोनंट व्हिडिओ आउट आरजीबीवरून वायपीबीपीआरवर (पडद्यावर ‘Y Cb/Pb Cr/Pr’) आणा. हे राहिलं की रंग भलतेच येतात आणि लोक डबी परत करतात. कॅसेटच्या काळातले गेम २४० ओळींचं चित्र पाठवतात. स्वस्त कन्व्हर्टर त्याला टीव्हीचं एकाआड एक ओळींचं चित्र समजून फासतो, म्हणून सगळं गढूळ दिसतं.

खेळण्यातल्या बंदुकीने पडद्यावरची बदकं मारायचा जुना गेम खेळायचा असेल तर काचेच्या नळीचा डबा टीव्हीच हवा. बंदूक पडद्यावरचा प्रकाश अचूक वेळेला वाचते, आणि सपाट टीव्हीत तो उशिरा पोहोचतो. भंगारवाल्याकडे असा टीव्ही अजून मिळतो. २१ इंची तरी वीस किलोच्या वर जातो, तेव्हा टेम्पो किंवा रिक्षा करा. घेण्याआधी एव्ही सॉकेट आहे ना आणि एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) चालतं ना, ते बघा. नुसत्या ‘पाल’ या आपल्याकडच्या पद्धतीच्या टीव्हीवर अमेरिकी कन्सोल काळा-पांढरा दिसतो. मागचं झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरही आत हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.

५. कॅसेट आणि पावसाळा

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सोडा. थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकाडी बुडवून पिना आडव्या पुसा, दहा मिनिटं सुकू द्या. गेम सेव्ह राहत नसेल तर आतला सेल संपला आहे, अनेक कॅसेटमध्ये तो सीआर२०३२ हा गोल चपटा सेल असतो. तो सोल्डर करून बसवलेला असल्याने दुकानातून पट्टी जोडलेलाच सेल आणा. जुना काढताना आतलं सेव्ह जातं.

जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या घरांत कन्सोल बंद कपाटात महिनोन् महिने ठेवू नका. आठवड्यातून अर्धा तास चालवा. आतल्या उबेने दमटपणा निघतो. डिस्क आणि कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वीज ये-जा करत असेल तेव्हा सेव्ह किंवा अपडेट सुरू करू नका, अर्धवट अपडेटने कन्सोल सेफ मोडमध्ये (नुसत्या दुरुस्तीच्या मेनूत) अडकू शकतो.