१२ मीटरची लाकडी कैची: आधी सांधे, मग लाकूड

सभागृह असो की गोदाम, मधे खांब नको असतील तर १२ मीटरपर्यंत सागवानी कैची, म्हणजे छत पेलणारा त्रिकोणी सांगाडा, चांगली चालते. माळवदाच्या मातीचा भार काय करतो ते १९९३ला किल्लारीच्या भूकंपाने दाखवले, म्हणून वर हलका पत्राच घ्या. मात्र हलके छत वारा उचलतो. हिशेब तिथूनच सुरू करा.

छत्रपती संभाजीनगरसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९० किलो. दारे उघडी असली की जवळजवळ तेवढाच जोर छताला वर ढकलतो. पत्रे, पर्लिन (कैच्यांवरून आडव्या जाणाऱ्या, पत्रे पेलणाऱ्या दांड्या) आणि कैची मिळून वजन चौरस मीटरला जेमतेम २५ किलो. कैच्या ३ मीटरवर ठेवल्या तर एका टोकावर १८ चौरस मीटर छत येते, म्हणजे वजन वजा जाता उचल सव्वा टनाच्या आसपास! भिंतीत चिणलेली तार तिथे कामाची नाही. भिंतीवरच्या आरसीसी पट्ट्यात, सळयांखाली हूक अडकवून, प्रत्येक टोकाला १६ मिमीचे दोन बोल्ट काँक्रीट ओतण्याआधीच सोडा. कैचीची उंची २.२ मीटर धरा. लाकडाची रुंदी-जाडी इंजिनिअरकडून काढून घ्या.

लाकूड सहसा मधे तुटत नाही, सांध्यात चिरते. खालची तुळई ताणात असते, म्हणून तिचा जोड मध्यावर नको. बोल्टपासून लाकडाच्या टोकापर्यंत बोल्टच्या जाडीच्या सात पट, म्हणजे ११२ मिमी अंतर सोडा. दोन बोल्टमध्ये पाच पट. नटाखाली रुंद वायसर हवाच, नाहीतर नट लाकडात रुततो. कैचीचे टोक भिंतीत चिणू नका. टेकण सोडून बाकी बाजूंनी बोटभर हवा खेळू द्या. वाळवी आणि ओल चिणलेल्या टोकातूनच शिरते.

पर्लिन सलग ठेवायच्या का, यावर खरा विचार करा. एखादी कैची वाळवीने खाल्ली तर सलग पर्लिन भार शेजारच्या कैच्यांवर नेतात. चूक सगळ्याच कैच्यांत असेल तर त्याच पर्लिन शेजारच्यांनाही ओढून पाडतात. २००६ला जर्मनीत बाड राइखेनहालच्या स्केटिंग हॉलला असेच झाले: लाकूड जोडणारा सरस ओलीने सगळीकडे कमजोर झाला होता, अख्खे छत खाली आले, १५ जण गेले. डेन्मार्कच्या बालेरुपमधल्या क्रीडागृहात २००३मध्ये १२पैकी दोनच कैच्या पडल्या, कारण पर्लिनची बांधणी हलकी होती. लांब सभागृहात दर तीन-चार गाळ्यांनी (गाळा म्हणजे दोन कैच्यांमधली जागा) पर्लिनचा सलगपणा तोडा, आणि अशा प्रत्येक तुकड्यात कैच्या कलू नयेत म्हणून तिरके ताण स्वतंत्र द्या.

लाकूड १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच घ्या. तरी एप्रिल-मेच्या उन्हात ते आकसते, नट सैल पडतात. पहिला उन्हाळा संपताच, पावसाळी वाऱ्याची वाट न पाहता, प्रत्येक नट पान्याने पुन्हा आवळा.