बाळाला घरी ऑक्सिजन लावून आणताय? आधी घराची तयारी बघा

लवकर जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं कच्ची राहिली (डॉक्टर बीपीडी म्हणतात) की कधीकधी ऑक्सिजनवरच डिस्चार्ज मिळतो. मशीन मिळतं हो, पण घराचं काय? सगळ्यात आधी धूर. आपल्याकडे अंघोळीनंतर बाळाला शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी देतात, ती पूर्ण बंद, आजी रागावली तरी बंद, कारण धुराने फुप्फुसं बिघडतात आणि ऑक्सिजनजवळ विस्तव म्हणजे आग भडकायची भीती. चूल, देवाचा दिवा, अगरबत्ती, बिडी-सिगारेट हे बाळाच्या खोलीत नकोच. नाकाला तेल, व्हॅसलीनही लावू नका.

मग लाइट. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन) विजेवर चालतो, लोडशेडिंग असेल तर भरलेला सिलेंडर हवाच. १५०० लिटरचा बी टाइप सिलेंडर मिनिटाला अर्धा लिटर फ्लोवर साधारण ५० तास पुरतो, फ्लो वाढला की तास कमी. वीजबिल वाढतं, ज्यांचं हातावर पोट आहे त्यांनी डिस्चार्जआधीच हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला भेटा, लाजू नका.

सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) किती हवं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, बहुतेकदा ९२-९३ टक्क्यांच्या वर सांगतात. दूध पिताना आणि झोपेतही बघा, कारण तेव्हा ते जास्त घसरतं. बाळ छान दिसतंय म्हणून स्वतःहून ऑक्सिजन काढू नका. ओठ निळे पडले, छाती खूप आत ओढली जातेय, दूध सोडलं, तर वाट न बघता १०८ लावा.

बारसं साधंच करा, सर्दीवाल्या पाहुण्यांना सरळ नाही म्हणा.